दर्शनी चूल

डॉक्टरांनी नळीत जोर लावून फुंकायला सांगितलं, तेव्हा जयमालाबाईंना वाटलं, यात काय मोठंसं. तीस वर्षं फुंकणी हातातच होती. पण संगणकावरची रेघ जरा वर चढली आणि दमून आडवी झाली. तीन वेळा फुंकलं, तिन्ही वेळा तेच.

डॉक्टरांनी रेघेकडे पाहिलं आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याला, ज्योतीरामला विचारलं, "या रोज किती विड्या ओढतात?"

ज्योतीरामला हे लागलं. त्याच्या घराण्यात विड्या फक्त पुरुषांनी ओढायच्या, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा दंडक होता.

"विडी न्हाई," जयमालाबाई म्हणाल्या. "हाटेल हाय."

हॉटेल निघोज्याच्या वेशीवर, चाकणच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्याला. पाटीवर लिहिलेलं: 'हॉटेल शिवारचव. फक्त चुलीवरचं.' त्यातलं 'फक्त' लाल रंगात होतं. धंदा दुपारचाच, पण दणकून. मटण, पिठलं, बाजरीची भाकरी, आणि हे सगळं करणाऱ्या जयमालाबाई. ज्योतीराम गल्ल्यावर बसून "या साहेब" म्हणायचा.

डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, ओढायचा पंप दिला आणि सांगितलं की गेलेला दम काही परत यायचा नाही. उरलेला सांभाळायचा असेल तर धूर आजपासून बंद. चिंचवडहून दोघं स्कूटरवर परतत होते. मोशीच्या सिग्नलला जयमालाबाई म्हणाल्या, "उद्यापासनं मी चुलीपुढं बसणार न्हाई." हिरवा दिवा लागून मागचे ट्रक कधी बोंबलतील याची ज्योतीरामने फार आतुरतेने वाट पाहिली.

घरी आल्यावर मात्र उत्तर देणं भाग पडलं. आपली आई जन्मभर चुलीपुढे बसली, तिला कधी काही झालं नाही, असं तो म्हणाला. सासूबाई तीस वर्षं खोकत होत्या याची जयमालाबाईंनी आठवण करून दिली. घरात त्या खोकल्याला आजार म्हणत नसत. तो सासूबाईंचा स्वभाव धरला जायचा.

मग ज्योतीराम चुलीसाठी बाई शोधायला बाहेर पडला. चार दिवस हिंडला. गावात घरोघरी गॅस होता. बायकांनी चहा दिला, जयमालाबाईंची चौकशी केली, आणि कितीही पगार दिला तरी चुलीपुढे बसणार नाही म्हणून सांगितलं. एक जण तर म्हणाली, आमच्या सासवा बसल्या तेवढं आमच्या घराण्याला पुरे. तेव्हा कुठे ज्योतीरामच्या ध्यानात आलं की अख्ख्या गावात रोज पेटणारी एकच चूल उरली आहे, आणि ती शहरातल्या लोकांसाठी.

वाट काढली ती जयमालाबाईंच्या भावाने. नवनाथ कारखान्यांच्या शेडांवर सोलरच्या प्लेटा बसवायचं काम करतो. तो हॉटेलच्या पत्र्यावर चढला, उन्हाकडे घरमालकाच्या नजरेने पाहिलं आणि खाली येऊन म्हणाला, "दाजी, धंदा दुपारचा, ऊनबी दुपारचं. आजवर नुसतं वाया घालवलंत की." महिन्याभरात पत्र्यावर प्लेटा आणि मागच्या खोलीत विजेवरच्या चार शेगड्या आल्या. ढगाळ दिवसासाठी मीटरची वीज होतीच. पिठलं पहिल्या दिवशी जमलं. भाकरीने मात्र आठवडाभर छळलं. खाली जाळ नाही म्हटल्यावर तिला फुगायचं कारणच दिसेना. शेवटी जयमालाबाईंनी जाड लोखंडी तवा आणला, भाकरी उलटून फडक्याने कडेकडेने दाबली, आणि ती टम्म फुगली. त्यांनी ती एकटीनेच खाल्ली.

राहिली पाटी. पाटी उतरवणं म्हणजे कुंकू पुसणं, असं ज्योतीरामचं मत पडलं. तेव्हा असं ठरलं की मागची चूल पुढे आणून दर्शनी भागात, छपराखाली पेटती ठेवायची. तिच्यापुढे कुणीतरी बसायला हवं. वाढप्यांनी नकार दिला. सबब फेटा बांधून, धोतर नेसून, हातात फुंकणी घेऊन स्वतः ज्योतीराम बसला. चुलीवर मोठं पातेलं, पातेल्यावर झाकण, झाकणावर निखारे. आत पाणी. पाटी खोटी आहे असं कुणी म्हणू शकत नव्हतं. पाणी फक्त चुलीवरचंच होतं.

धंदा वाढला. पूर्वी चूल मागे असायची, आता गिऱ्हाइकाला ती डोळ्यांनी दिसत होती, फोटोत येत होती. सगळ्यात खूश होते यशवंतराव. पिंपरीच्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं क्वालिटीत काढून ते निवृत्त झाले होते. हजारो सुटे भाग नापास केल्यामुळे जिभेवरही त्यांचा तसाच विश्वास बसला होता. दर रविवारी ते आसपासच्या टेबलांना चव समजावून सांगत. विजेवरच्या भाकरीचा पहिला घास खाऊन त्यांनी डोळे मिटले. "लाकूड बदललंत, वहिनी. आधी बाभूळ होती, आता आंबा आहे. राहू द्या, हेच बरं आहे."

जयमालाबाई बरं म्हणाल्या आणि आत गेल्या. दोन महिन्यांत त्या मधे न थांबता जिना चढू लागल्या होत्या. रात्री उठून उशीला टेकून बसावं लागत नव्हतं. या दोन गोष्टींपुढे बाभूळ काय आणि आंबा काय.

ज्योतीरामचे डोळे मात्र लाल झाले. आधी तो म्हणाला, लाकडं ओली आहेत. मग म्हणाला, वारं उलटं आहे. मग चष्म्याचा नंबर बदलून आणला. खोकला लागला तो आइस्क्रीमने. धुराचं नाव त्याने एकदाही घेतलं नाही. मधे त्याने लग्नाच्या डेकोरेटरकडून धुराचं मशीन आणून पाहिलं, पण त्या धुराला अत्तराचा वास होता आणि तो सुटताच गिऱ्हाइकांची पोरं नाचायला लागली. मशीन दुसऱ्या दिवशी परत गेलं.

आणि एका रविवारी अरुंधती मॅडम आल्या. एका कंपनीच्या समाजकार्य विभागाच्या त्या प्रमुख. सकाळी पलीकडच्या वस्तीवर त्यांचं चुलीच्या धुराच्या दुष्परिणामांवर व्याख्यान झालं होतं, पडद्यावर फुप्फुसं दाखवून. एवढं बोलल्यावर भूक लागली, म्हणून त्या सहा जणांसह जेवायला आल्या होत्या, खास चुलीवरचं. जेवण फारच आवडलं. मग त्यांनी स्वयंपाक करणाऱ्या ताईंना बाहेर बोलावलं. धूरमुक्तीच्या पोस्टरसाठी त्यांना चुलीपुढे बसलेल्या बाईचा फोटो हवा होता. फुंकणी हातात, डोळ्यांत जरा पाणी. पाचच मिनिटं.

ज्योतीराम टुणकन उठला आणि त्याने फेट्याच्या शेमल्याने पाट पुसला. फोटोग्राफरने चूल अजून जरा धुमसू दे म्हणून सांगितलं.

जयमालाबाई पाटाकडे बघत राहिल्या. पाचच मिनिटं तर बसायचं होतं. पण सासूबाईसुद्धा पहिल्या दिवशी पाचच मिनिटांसाठी बसल्या असणार.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "ह्या चुलीवर मी काय करत न्हाई. ह्यात नुस्तं पाणी हाय. भाकरी आत भाजते, विजेवर. वर सोलर हाय."

अकरा टेबलांवरचे घास थांबले. कुणीतरी पातेल्याचं झाकण काढून पाहिलं. खरंच पाणी होतं, आणि चांगलं उकळलं होतं. मग सगळ्यांच्या माना हळूहळू यशवंतरावांकडे वळल्या.

यशवंतरावांच्या हातात अर्धी भाकरी होती. चुकीचा भाग पास केल्याचं त्यांनी बत्तीस वर्षांत चारचौघांत कधी कबूल केलं नव्हतं. त्यांनी तुकडा मोडला, हुंगला, सावकाश चावला.

"पास," ते म्हणाले. "चव पिठात असते, हाताला असते. मी कधीचा सांगतोय."

असं ते कधीच म्हणाले नव्हते. पण त्यांच्या टेबलावरचे लोक जेवू लागले. दोन टेबलं मात्र उठली. त्यातला एक तगडा गृहस्थ पाटीकडे बोट दाखवत ज्योतीरामसमोर उभा राहिला. ज्योतीराम उत्तराला म्हणून तोंड उघडतो तोच त्याला खोकल्याची उबळ आली. ती इतका वेळ चालली की गृहस्थ भांडण विसरला, त्याने पाणी आणून दिलं आणि पाठ चोळत विचारलं, "भाऊ, डॉक्टरला दाखवलं का?"

अरुंधती मॅडम प्लेटांचा फोटो काढायला पत्र्यावर गेल्या. तो काही त्यांना तेवढा भिडला नाही.

संध्याकाळी ज्योतीराम हळूच म्हणाला, "फक्त रविवारचं बस. दोन तास. लोकांचा इश्वास बसंस्तवर."

"तुमास्नी नळीत फुंकायला चिंचवडला न्यायचंय, त्ये आधी बघू," जयमालाबाई म्हणाल्या. "आन् ज्येला धूर पायजे त्यो बसंल."

ज्योतीरामने हा टोमणा समजून गिळला. पण तो टोमणा नव्हता. पुढच्या रविवारी चुलीपाशी पाट, परात, पीठ आणि लाकडं मांडलेली होती. चुलीवरची हवी असेल त्याने स्वतः भाजून घ्यावी, आतली हवी असेल त्याने टेबलावर बसावं, असं जयमालाबाईंनी वाढप्यांना सांगायला लावलं.

तळवड्याच्या आयटी कंपनीतली बारा पोरं आली होती. त्यातला मिहिर बाह्या सरसावून पाटावर बसला. बाकीच्यांनी फोन वर धरले. त्याने फुंकलं, पहिल्या फुंकीला राख उडाली, दुसरीला डोळे गेले. तिसरी फुंक आत ओढली गेली. एकेकाची पाळी येत गेली. कुणी तीन फुंकांपलीकडे गेलं नाही. परातीतल्या पिठाला कुणाचा हातही लागला नाही. तोंडं पुसत सगळे टेबलांवर येऊन बसले आणि आतल्या भाकरी मागवल्या. पुढच्या शनिवारी मैत्रिणींना घेऊन येतो, असंही सांगून टाकलं.

आत जयमालाबाई तव्यावरची भाकरी फडक्याने दाबत होत्या. बाहेर खोकण्याचा आणि हसण्याचा एकच कल्ला चालला होता. धुराची एक रेघ खिडकीतून आत आली. त्यांनी पिठाच्या हातानेच खिडकी लावून घेतली.