चार वेळा घेतलेलं माप

“माप घेताना गिऱ्हाइकाशी बोलू नये,” मावशी सांगायची. “टेप अंगाला लागली की माणूस पोट आत ओढतो, खांदे ताठ करतो. आपण गप उभं राहावं. त्यानं दम सोडला की मग आकडा घ्यावा. त्याआधीचा आकडा त्याच्या मनातला असतो, अंगाचा नसतो.”

मावशीला जाऊन वीस वर्षं झाली, तरी टेप हातात घेतली की टेलरबाईच्या कानाशी तो कोरडा आवाज यायचाच. आज हातात टेप नव्हती, पेन होतं. कटिंगच्या टेबलाशी उभ्याउभ्याच ती तारखा उतरवून काढत होती आणि खडूची धूळ कागदाला लागत होती.

वकीलबाईंनी बजावलं होतं, “घटना लिहा, तारीख लिहा, तोंडचे शब्द जसेच्या तसे लिहा. रडगाणं नको. न्यायाधीशांना रडगाणं रोज ऐकायला मिळतं.”

समोर कोटांची वही उघडी होती. बाकीच्या कपड्यांच्या वह्या तीन-तीन महिन्यांत भरायच्या. पण कोट शिवून घेणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी, म्हणून ही एक शंभरपानी वही चार वर्षं पुरली होती. ती कायम टेबलावर पडलेली असे. गेल्या वर्षभरात ‘पहिली’ दुकानात येऊन जे जे बोलून गेली, ते तिची पाठ वळताच टेलरबाईनं हाताशी होती त्या वहीतच लिहून ठेवलं होतं. छाती, कंबर, बाही, आणि त्याखाली शिव्याशाप.

‘पहिली’ म्हणजे नवऱ्याची पहिली बायको. घरात तिचं नाव कुणी घेत नसे. ती ग्रंथपाल होती. उभा जन्म “हळू बोला” अशा पाट्यांखाली गेलेला. तिचा आवाज कधी चढायचा नाही. या दोघांनी लग्न केल्याचं तिला कळलं त्या आठवड्यापासून ती यायला लागली. आधी रस्त्यापलीकडे नुसती उभी राहायची, तासच्या तास. मग गिऱ्हाइकांना दारातच गाठून सांगायची, इथे कपडे टाकू नका, इथे दुसऱ्याच्या अंगावरचं काढून घेतात. मग फोन. आणि तीन आठवड्यांपूर्वी भर दुपारी आत येऊन तिनं टेबलावरची कात्री उचलली, आणि हँगरवर तयार असलेला गिऱ्हाइकाचा झगा गळ्यापासून घेरापर्यंत उभा चिरला. घाई नाही, आरडाओरडा नाही. कात्री मिटून जागच्या जागी ठेवली आणि म्हणाली, “पुढच्या वेळी कापड नसेल.”

कोपऱ्यात बसून काज करणाऱ्या काकूंनी ते ऐकलं होतं. त्या साक्ष द्यायला तयार होत्या.

“लोणी लावलेली सुरी आहे ती बाई,” काकू दोरा दातानं तोडत म्हणाल्या. “ओरडणारीला मी भीत नाही. ओरडून ओरडून घसा बसतो, मग जाते घरी. ही कुठली जाते.”

“लिहिलंय सगळं,” टेलरबाई म्हणाली.

“सगळं?”

टेलरबाईनं मान वर केली नाही. काकू सुईत नवा दोरा ओवत स्वतःशीच गुणगुणल्या:

“सुई चाले पुढं पुढं, दोरा मागून गं येई,
जिथं जिथं टोचली सुई, तिथं दोरा साक्ष देई.”

ओवी जुनी होती की काकूंनी आत्ताच जुळवली, देव जाणे. त्यांच्या तोंडाला कुलूप नव्हतं, पण त्या कधी कुणाचं नाव घेऊन बोलत नसत.

संध्याकाळी वकीलबाईंनी प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. एकूण बारा परिच्छेद. चौथा एका ओळीचा होता: अर्जदार व तिचे पती यांची ओळख पतीच्या घटस्फोटानंतर एक वर्षाने झाली.

“हे कुणी सांगितलं तुम्हाला?” टेलरबाईनं विचारलं.

“मी,” नवरा म्हणाला. तो औषधांच्या दुकानात कामाला होता. नीट, तोलून बोलायची त्याला सवय. “त्यांनी विचारलं, मी सांगितलं.”

“ते असू दे,” वकीलबाई म्हणाल्या. “समोरून हेच येणार, की हिनं माझा संसार मोडला. त्या तोंडाला आधीच बूच लागतं. का? काही गडबड आहे का?” त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “असेल तर आत्ता सांगा, बाई. बारातला एक परिच्छेद खोटा ठरला की बाकीचे अकरा लंगडायला लागतात. मग तिला लांब ठेवण्याचा आदेश विसरा.”

नवऱ्याचा पाय टेबलाखाली तिच्या पायाला लागला. जोरात नाही, आठवण दिल्यासारखा.

“नाही,” ती म्हणाली, आणि जिथं बोट दाखवलं तिथं सही केली.

“उद्या ती वही आणा. झेरॉक्स नको, मूळ वही.”

घरी आल्यावर नवऱ्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही पहिल्या पानापासून चाळली. सातव्या पानावर तो थांबला. तिला पाहायची गरज नव्हती. त्या पानावर त्याचंच माप होतं: खांदा साडेअठरा. आठ दिवसांनी पुन्हा खांदा साडेअठरा. मग पुन्हा. मग पुन्हा. एका कोटासाठी एका महिन्यात चार वेळा एकाच माणसाचा खांदा मोजलेला, आणि चारही वेळा आकडा तोच. दर मापाशेजारी तारीख, मावशीच्या शिस्तीप्रमाणे. घटस्फोटाच्या एक वर्ष आधीची.

“हे पान काढून टाक.”

“कोण वाचणार आहे? आकडे आहेत नुसते.”

“तारखा आहेत. काढ.”

तिनं वही हातात घेऊन मधोमध उघडली आणि पिनांवर बोट ठेवलं. “ही मधे दुमडून पिना मारलेली वही आहे. इकडचं पान ओढलं की त्याचं जोडपान तिकडून निसटतं. सातव्याचं जोडपान कुठलं, बघ.”

त्यानं शेवटाकडून पानं मोजली. जोडपानावर गिऱ्हाइकाच्या झग्याची तारीख होती आणि खाली ‘पुढच्या वेळी कापड नसेल.’

“वा,” तो म्हणाला. मग वही मिटली. “ठीक आहे. कोर्टात कुणी शिवण शिकलेलं नाही. तू आकडे म्हणालीस ना, आकडेच राहू देत. फक्त उद्या तू जास्त बोलू नकोस.”

“ती मला मारेल असं तुला खरंच वाटतं?”

“मला ती माहीत आहे.”

“हे उत्तर नव्हे.”

“वाटतं,” तो म्हणाला, आणि उठून दाराची कडी दुसऱ्यांदा पाहून आला.

दुसऱ्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात पहिली त्यांच्या आधीच येऊन बसली होती. एकटीच, वकील नाही, सोबत नाही. मांडीवर एक पुस्तक, पण ते उघडलेलं नव्हतं. नवऱ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. वकीलबाई आत कागद द्यायला गेल्या, नवरा पाणी आणायला गेला, तेवढ्यात ती बाक सोडून टेलरबाईजवळ येऊन उभी राहिली. इतकी जवळ, की तिच्या साडीच्या खळीचा वास यावा.

“एक विचारू का गं?” ती त्याच मऊ आवाजात म्हणाली. “मला शिवणातलं काही कळत नाही. एका कोटाला माप किती वेळा लागतं?”

टेलरबाईनं वही छातीशी धरली.

“तो महिनाभर जात होता. दर शनिवारी. मी म्हणायचे, असा कसला कोट. तो म्हणायचा, टेलर फार चोखंदळ आहे.” तिनं टेलरबाईच्या हातातल्या वहीकडे पाहिलं. “माझ्या जागेवर येऊन बसलीस. आणि आता कोर्टाच्या मागे लपतेस. लप. मला घाई नाही. तुझे डोळे बाहुलीसारखे उघडझाप करतात ना, तेवढं पाहिलं तरी माझा दिवस चांगला जातो.”

“बोलू नका त्यांच्याशी,” दारातून वकीलबाईंचा आवाज आला. पहिली शांतपणे जागेवर जाऊन बसली.

आत खोली लहान होती. न्यायाधीशबाईंना सर्दी झालेली होती आणि त्या रुमाल हातातच धरून ऐकत होत्या. काकूंनी साक्ष दिली, कात्री कशी मिटून ठेवली ते हातानं करून दाखवलं. वही पुढे गेली. न्यायाधीशबाईंनी शेवटची पानं वाचली. पहिली पानं त्यांनी उलटली नाहीत.

“झगा तुम्ही फाडलात?”

“कापला,” पहिली म्हणाली. “फाडला नाही.”

“धमकी दिलीत?”

“दिली. खोटं कशाला बोलू?” ती खुर्चीवर सरळ बसली. “मी दर वेळी एकच गोष्ट विचारायला जाते. पहिल्या खेपेलाही तीच विचारली होती. उत्तर मिळत नाही, म्हणून पुन्हा जाते.”

“पहिली खेप म्हणजे यादीतली एक नंबर?”

“त्याच्या फार आधीची. माझं लग्न मोडायच्या आधीची. ती यांनी यादीत लिहिलेली नाही.”

“काही पुरावा?”

“मी होते. ही होती.”

वकीलबाई उठल्या. चौथा परिच्छेद त्यांनी मोठ्यानं वाचला, सावकाश, भिंतीला खिळा ठोकावा तसा. मग म्हणाल्या की समोरच्या बाई स्वतःच्या कल्पनेवर जगताहेत आणि म्हणूनच त्या अधिक धोकादायक आहेत. नवऱ्यानं मान हलवली. पहिलीनं डोळे मिटून घेतले. तेवढ्या एका क्षणी ती नुसती दमलेली बाई दिसली. मग डोळे उघडले आणि ते पुन्हा टेलरबाईवर येऊन थांबले.

न्यायाधीशबाईंनी पेन उचललं. “तूर्त सहा महिने. घर आणि दुकान, दोन्हींपासून लांब. अर्जदाराला आणखी काही सांगायचंय?”

“नाही,” वकीलबाई म्हणाल्या.

“आहे,” टेलरबाई म्हणाली आणि उभी राहिली. नवऱ्याचा हात तिच्या कोपराला लागला. तिनं कोपर काढून घेतलं.

“चौथा परिच्छेद खोटा आहे. बाकीचे अकरा खरे आहेत.”

वकीलबाईंनी हातातला कागद हळूच खाली ठेवला.

“तुम्हाला कळतंय का, याचा तुमच्या अर्जावर परिणाम होऊ शकतो?” न्यायाधीशबाई म्हणाल्या.

“कळतंय. मला यांची भीती वाटते, ती खोटी नाही. शटर उचलायच्या आधी मी रोज रस्त्यापलीकडे बघते. आजही बघून आले. मला आदेश हवाच आहे.” मग ती वळली आणि पहिल्यांदाच तिनं त्या बाईला ‘तुम्ही’ म्हटलं.

“त्या दिवशी तुम्ही भांडायला आला नव्हतात. पाऊणच्या सुमाराला आलात, दारातच थांबलात. विचारलंत, माझे मिस्टर इथे येतात का हो. मी मशीन थांबवलंसुद्धा नाही. म्हटलं, नाही बाई, असं कुणी इथं येत नाही.”

तिनं नवऱ्याकडे बोट दाखवलं.

“ते तेव्हा आत, पडद्यामागे उभे होते.”