ओलेबिलेचा वर गेलेला हात

"झोप लागली होती म्हण," रा-दिनेओ म्हणाले. "भलत्याच ठरावाला हात वर केला म्हण. काहीही म्हण, पण आज सभेत चूक झाली एवढं कबूल कर आणि खाली बस. पुढचं मी बघतो."

रा-दिनेओ म्हणजे आमच्या भागातले पक्षाचे अध्यक्ष. सकाळी सकाळी माझ्या चुलीपाशी बसून, माझ्याच हातचा चहा पीत ते माझ्या भावाला खोटं बोलायला शिकवत होते. आणि खरं सांगायचं तर मला ते पटत होतं.

"ऐक रे त्यांचं," मी म्हटलं. "इतकी वर्षं पक्ष सांगेल तेव्हा हात वर केलास, तेव्हा कुणी जाब विचारला का तुला? नेमकं याच वेळी बरं स्वतःचं डोकं चालवायचं सुचलं!"

ओलेबिले चहात तळलेला पाव बुडवून खात राहिला.

माझा भाऊ खासदार आहे, पण शिकला-सवरलेला म्हणाल तर तसा नाही. त्याचा एक जुना ट्रक होता. मयतीला लागणारे तंबू, खुर्च्या, मोठे हंडे तो भाड्यानं द्यायचा. ज्याची ऐपत नसेल त्याला तसेच द्यायचा. शनिवारी पहाटे कबर खणायला गडी जमायचे, त्यांत पहिली कुदळ त्याची पडायची. त्या कुदळीवरच तो निवडून आला. संसदेत त्यानं तोंड उघडल्याचं कुणाला आठवत नाही. सरकारच्या प्रत्येक कायद्याला हो आणि विरोधकांच्या प्रत्येक ठरावाला नाही, एवढाच त्याचा हिशेब. लोक हसून म्हणायचे, "ओलेबिले संसदेला दांडी मारेल, मयतीला नाही मारायचा."

मग तो ठराव आला. विरोधी पक्षातल्या एका बाईनं मांडला होता. फाशी दिलेल्या माणसाचं प्रेत त्याच्या घरच्यांच्या ताब्यात द्यावं, एवढंच तिचं म्हणणं. आमच्याकडे फाशी गेलेल्याला तुरुंगातच पुरतात आणि कुठे पुरलं ते सांगत नाहीत. ठराव पडला. पण त्याच्या बाजूनं हात वर करणाऱ्यांत सरकार पक्षाचा एकच माणूस होता, आणि रेडिओवाल्यांनी त्याचं नाव चवीनं सांगितलं.

ते आमच्या आईनंही ऐकलं. आमचा धाकटा भाऊ काबो, त्याला तिरो नावाच्या पोरानं एका मोबाइलसाठी भोसकून मारलं होतं. तिरोला फाशी झाली. त्याची आई, मा-तिरो, आमच्याच वस्तीत राहते. आमचा नळही एकच. ती आली की आमची आई अर्धी भरलेली बादली उचलून घरी येते.

रेडिओ ऐकल्यापासून आई ओलेबिलेशी बोलली नव्हती. तो दारात आला की ती आत जायची. त्यानं राजधानीहून आणलेल्या साखरेला तिनं हात लावला नाही. "यानं काबोला दुसऱ्यांदा मारलं," एवढंच ती मला म्हणाली होती.

"पक्ष गेला खड्ड्यात," मी ओलेबिलेला म्हटलं. "पण आई तुटेल. चूक झाली म्हणालास तर ती विसरून जाईल. मी ओळखते तिला."

"मीही तिचाच मुलगा आहे, ताई," तो म्हणाला आणि टोपी घेऊन उठला.

आमच्या गावच्या चावडीला खोत्ला म्हणतात. तिथे खोसी, म्हणजे गावचा मुखिया, बसतो आणि कुणीही उठून कुणालाही काहीही विचारू शकतं. बोलणाऱ्याला मध्ये अडवायचं नाही, एवढाच नियम. त्या दिवशी बसायला जागा नव्हती. आई डोक्याला रुमाल बांधून पुढेच बसली होती. मी तिच्या शेजारी बसले.

एक म्हातारबाबा काठी टेकत उठले. "काय खासदारसाहेब, आम्ही तुला मेलेल्यांच्या बाजूनं बोलायला पाठवलं होतं की मारणाऱ्यांच्या?"

लोक कुजबुजले. रा-दिनेओंनी ओलेबिलेकडे बघून हळूच मान हलवली. बोल आता, अशी.

"मला झोप लागली नव्हती," ओलेबिले म्हणाला.

रा-दिनेओ आपल्या बुटांकडे बघायला लागले.

"फाशी बरोबर की चूक, ते मला विचारू नका. तिरोला फाशी दिली त्या दिवशी माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा मामा तंबू मागायला आला. माझ्याकडे. गावात दुसऱ्या कुणाकडे तंबूच नाहीत, काय करेल बिचारा? मी त्याच्या तोंडावर दार लावलं. मग रात्रभर विचार केला, मयत ती मयत. सकाळी तंबू ट्रकमध्ये भरला. ट्रक तसाच उभा राहिला. त्याच्या घरच्यांना आशा होती, तुरुंगातून प्रेत आज येईल, उद्या येईल. प्रेत आलंच नाही. शेवटी मामाच येऊन म्हणाला, उतरव बाबा. या गावातल्या सगळ्यांसाठी मी कुदळ मारली. काबोसाठी मारली. त्या एका घरासाठी मारता आली नाही. म्हणून हात वर केला. उद्या परत ठराव आला तर परत करीन."

"उद्या तुला तिथे कोण पाठवतंय?" मागून कुणीतरी म्हणालं. थोडे लोक हसले.

तेवढ्यात आई उठली. हसणारे गप्प झाले.

"बोला, मा-बोंत्ले," खोसी म्हणाले. बोंत्ले म्हणजे मी. आई माझ्या नावानंच ओळखली जाते.

"लेकाला विचारायचंय," आई म्हणाली. "काय रे, तुझा ठराव पास झाला?"

"नाही, आई."

"तिरो घरी आला?"

"नाही."

"आणि काबो?"

"तोही नाही, आई."

"मग कुणाला काय मिळालं?"

"कुणालाच काही नाही, आई."

आई मग सगळ्यांकडे वळून म्हणाली, "मी तिरोला माफ केलेलं नाही. करणारही नाही, मला कुणी शहाणपण शिकवायला येऊ नका. पुढच्या निवडणुकीत माझं मत या पोराला नाही. पण आज हा खोटं बोलला असता तर मी याला घरात घेतलं नसतं." आणि त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "बस खाली. उन्हात उभा राहू नकोस."

मला रडू आलं. मी शालीनं डोळे पुसले.

सभा संपली. रा-दिनेओ कुणाचा निरोप न घेता गाडीत बसून गेले. ओलेबिलेचं तिकीट गेलं, हे सांगायला ज्योतिषी नको होता. ओलेबिले पोरांबरोबर खुर्च्या आवरायला लागला. मी आईचा हात धरून बाहेर आले, तर वाटेत मा-तिरो उभी. ती सगळ्यांच्या मागे बसली असणार, मला दिसलीच नव्हती.

तिनं किंचित गुडघे वाकवले. इतक्या वर्षांत त्या दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"मा-बोंत्ले," ती म्हणाली, "मला जाऊन बसायला कुठे जागा नाही. तुझ्या काबोपाशी कधी बसू का? लांबच बसेन."

माझं डोकंच फिरलं. काय हिंमत बाईची, असं तोंडावर येत होतं, पण आईनं माझा हात घट्ट दाबला. ती मा-तिरोकडे नाही, रस्त्याकडे बघत होती.

"शनिवारी मी तिथलं गवत काढायला जाते," ती शेवटी म्हणाली. "येणार असशील तर तुझं खुरपं घेऊन ये. माझं मी देणार नाही."

आणि ती इतक्या भराभर चालायला लागली की मला तिच्यामागे धावावं लागलं.