मारू कुणाला, असं मशीनने विचारलं

आता सांगतो त्यावर तुमचा काडीचाही विश्वास बसणार नाही. माझ्या बायकोचाही बसला नव्हता, आणि तिने तर लग्नात सांगितलेलं माझं वयसुद्धा खरं मानलं होतं.

आमच्या कचेरीत एकच मोठं मशीन, त्यावरच सगळ्यांचे प्रोग्रॅम. ते मी सांभाळायचो. शेजारच्या टेबलावर माझा धाकटा भाऊ. त्याची मुलगी चिमी लहानपणी स्टेशनच्या गर्दीत हात सुटून हरवली होती. त्याने एक प्रोग्रॅम लिहिला: स्टेशनांवरच्या कॅमेऱ्यांतले चेहरे बघायचे आणि त्यांत मोठी झालेली चिमी शोधायची. फोटो महिनाभरात पुसले जायचे. डिस्कवर जागा द्यायला साहेब तयार नव्हते, म्हणून बघितलेल्या चेहऱ्यांच्या खुणा तो मेमरीतच ठेवायचा. प्रोग्रॅम बंद पडला की सगळं गेलं. वर्षानुवर्षं त्याने तो बंद पडू दिला नव्हता.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे भिडस्त यजमान. कुणीही मेमरी मागो, घरात असो नसो, हो म्हणणार. सगळे एकदम जेवायला बसणार नाहीत, एवढाच तिचा भरवसा. बसले की सगळ्यांत जास्त खाणाऱ्याला पानावरून उठवते, तेही जिवानिशी. अहो, नाही म्हणायचं तर मागतानाच म्हणावं. पण ऐकतं कोण.

त्यातून वाचायची एक सोय होती, 'याला हात लावू नये' अशी खूण. पगारवाल्याने ती आपल्या प्रोग्रॅमला लावली, मग छपाईवाल्याने, मग साहेबांनी पडद्यावरच्या शोभेच्या घड्याळालासुद्धा. भाऊ म्हणाला, सगळ्यांनीच लावली तर तिला अर्थ काय राहिला? त्याने एकट्यानेच लावली नाही.

एका दुपारी मेमरी संपली. मशीन माझ्याकडे वळून म्हणालं, "काका, मारू कुणाला?"

सगळे प्रोग्रॅम रांगेत उभे. पगार म्हणाला, महिनाअखेर आहे, बघा बुवा. छपाई म्हणाली, मी दिवसभर झोपलेली, मला मारून हाती काय लागणार. घड्याळाने नुसतं साहेबांचं नाव घेतलं. भावाचा प्रोग्रॅम कोपऱ्यात, सगळ्यांत लठ्ठ, बिनखुणेचा. एवढा एक चेहरा बघू द्या म्हणाला, जुळत आलाय. मी मशीनला चार शब्द सुनावले. त्याला असा गहिवर आला की पडदा मला फडक्याने पुसावा लागला. त्याने घड्याळ मारलं, छपाई मारली, शेवटी स्वतःलाच मारून घेतलं. आणि विझता विझता पडद्यावर चेहरा उमटला. आमची चिमीच, भुवईवरच्या व्रणासकट.

इथवर आलो तशी ऐकत बसलेली नातवंडं आणखी पुढे सरकली. सुनेने हळूच विचारलं, मग वन्सं अजून घरी कशा नाही आल्या? येईल की, म्हटलं, पत्ता तेवढा लागायचाय.

भाऊ खिडकीशी बसला होता. माझ्या गोष्टीत तो कधी तोंड घालत नाही.

"दादा, तू त्या दिवशी रजेवर होतास," तो म्हणाला. "खुर्चीत मी होतो. मशीनने कुणाला काही विचारलं नाही. एक ओळ आली, माझा प्रोग्रॅम मारला म्हणून. चेहरा कुठलाच नव्हता."