मिरची, रक्ती आणि बाद

पारख्याच्या नाकावर माशी बसत नसे, आणि बसली असती तर तीही त्याने उलटीपालटी करून बाद केली असती. लाल आरोवाना हे महागडे शोभेचे मासे वाढवणाऱ्या त्या शेडमध्ये त्याचा शब्द शेवटचा होता. नऊ महिन्यांची पिल्लं त्याच्यासमोर यायची ती सगळी सारखीच, मळक्या चांदीसारखी. पुढे त्यातला कुठला कसा लाल होणार, हे त्याने तेव्हाच सांगायचं. डोळा मोठा, डोकं चमच्यासारखं खोलगट, शेपूट पतंगासारखी टोकदार, तो मिरची. त्याला रंग चढायला चार वर्षं लागतात, पण चढला की माणसं बोलायची थांबतात. अंग सडपातळ आणि शेपूट पंख्यासारखी गोल असेल तर तो रक्ती, लवकर लाल होणारा आणि तिथेच थांबणारा. आणि ज्याचा रंग नारिंगीच्या पुढे कधी जाणारच नाही, तो बाद.

बाद मासा विकायचा नाही, कुणाला फुकटही द्यायचा नाही. हलका माल बाहेर गेला तर फार्मचं नाव जातं. ज्याने बाद ठरवला त्यानेच तो लाकडी मोगरीने मारून बादलीत टाकायचा, असा मालकीणबाईंच्या वडिलांपासूनचा नियम होता.

या नियमात पारख्याची मोठी सोय होती. तीस वर्षांत त्याने बाद केलेल्यांत एकही चूक सापडली नव्हती, कारण चूक सापडायला ती आधी जिवंत राहावी लागते. मेलेला मासा चार वर्षांनी लाल होऊन दाखवत नाही. पारख्याच्या डोक्यात हा विचार कधी आलाच नाही. आपण चुकत नाही असं त्याला अगदी मनापासून वाटायचं, आणि त्याच्याइतकी गाढ झोप शेडमध्ये दुसऱ्या कुणाला लागत नव्हती.

सुनेला त्यानेच शेडमध्ये कामाला लावलं होतं, टाक्यांच्या काचा पुसायला. मुलगा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. मग सून रिकामी बसून करणार काय, हा त्याचा हिशोब. ती काच पुसता पुसता मागे उभी राहून बघायची. एकदा ती हळूच म्हणाली, "बाबा, तो तिसरा मिरचीचा वाटतो." त्यावर तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आली शहाणी! तुला रंग कळतो तो कपड्यातला. फडकं चालव." सगळे हसले. तो तिसरा मासा त्याने बाद केला. खरं सांगायचं तर त्याने तो नीट पाहिलाही नव्हता.

त्या दिवशी मोगरी ओझरती लागली होती. बादली रिकामी करायला नेताना सुनेला आत वळवळ दिसली. तिने तो मासा ओल्या गोणपाटात गुंडाळून माहेरी नेला.

ही गोष्ट चार वर्षांपूर्वीची. परवा सोमवारी सकाळी ती हातगाडीवर निळा पिंप ठेवून शेडमध्ये आली आणि दोन माणसांच्या मदतीने त्यातला मासा मधल्या मोठ्या टाकीत सोडला. मग मालकीणबाईंपुढे उभी राहिली. "बाई, हा बादलीतला आहे. बाबांनी बाद केलेला. हा मिरची आहे. मला पारखीच्या खुर्चीवर बसायचंय."

शेडमधली सहाच्या सहा माणसं हातातलं काम टाकून गोळा झाली. मालकीणबाई खुर्चीतून उठल्या नाहीत. "मिरची ठरला तर खुर्ची तुझी," त्या म्हणाल्या. "पण ठरवणार पारखी. आज तरी पारखी तेच आहेत."

पारखी टाकीपाशी गेला.

हातच्या काकणाला आरसा कशाला? मासा वळला आणि त्याच्या कल्ल्यावरचं झाकण दिसलं, आतून बाहेरून लाल. प्रत्येक खवल्याला जाड लाल काठ होता. डोळा मोठा, डोकं खोलगट, शेपूट टोकदार. तीस वर्षांत असा मासा त्याच्या हातून बाहेर पडला नव्हता. क्षणभर तो सगळं विसरला आणि त्याला नुसता आनंद झाला. तेवढा एक क्षण तो चांगला माणूस होता, हे मान्य करायला हवं.

मग त्याला खुर्ची आठवली. खुर्ची गेली की आपण कोण? सुनेच्या हातचं खाऊन कोपऱ्यात खोकणारा म्हातारा. टाकीच्या काचेला हात टेकवून तो म्हणाला, "नारिंगी. दिव्याची लाली आहे ही."

शेडमधल्या माणसांना याचा अर्थ सांगायला नको होता. प्रखर दिव्याखाली महिनोन्‌महिने ठेवलं तर हलका मासाही लाल दिसतो, आणि दिवा काढला की रंग उतरतो.

"दिवा?" सून म्हणाली. "माझ्या आईकडे खिडकीतल्या उजेडाशिवाय काही नव्हतं. तुम्ही डोळा बघा ना, बाबा. शेपूट बघा. शेपूट काय दिव्याने बदलते?"

"चोराच्या उलट्या बोंबा! बादलीतला मासा पळवायचा आणि वर मला शिकवायचं?"

"तुमच्याकडूनच शिकले."

"काच पुसताना कानावर पडलं म्हणजे कुणी शिकत नाही."

तिने मालकीणबाईंकडे पाहिलं. त्या माशाकडे बघत होत्या, बराच वेळ. "म्हणजे बाद?" त्यांनी विचारलं.

"बाद," पारखी म्हणाला.

"मग नियमाप्रमाणे होऊ द्या."

पिल्लाला एक फटका पुरतो. हा मासा कोपरापासून बोटांपर्यंत लांब होता, आणि पाटावर घेतल्यावर असा उसळला की पारख्याला तो एकट्याने आवरेना. बाकीच्या सहा जणांपैकी कुणीही पुढे झालं नाही. "बघतेस काय?" तो सुनेवर ओरडला. "शेपूट धर!"

तिने धरली. दोन्ही हातांनी, घट्ट. तीन फटके लागले. पहिल्या फटक्यानंतर माशाचा डोळा तिच्याकडे होता आणि तिने मान फिरवली नाही. पाट दाराशी होता, वर दिवा नव्हता, स्वच्छ दिवसाचा उजेड होता. त्या उजेडात मेलेला मासा टाकीत दिसला होता त्याहून लाल दिसत होता. हे तिथल्या नऊही जणांना दिसलं.

"तुम्ही जरा बाहेर थांबा," मालकीणबाई माणसांना म्हणाल्या. ते सहा जण गेल्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "मिरची होता तो."

पारख्याच्या हातात अजून मोगरी होती. "मग तुम्ही थांबवलं का नाहीत?"

"थांबवून काय करू? सहा जणांसमोर हा मिरची ठरला असता तर उद्या सगळा बाजार विचारणार, तीस वर्षं तुम्ही बादलीत काय काय टाकलंत? झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पारखी. तुम्ही ती झाकून दिलीत, उपकार झाले. आता घरी बसा."

"घरी?"

"मागच्या खेपेला तुम्ही चार नारिंगी रक्ती म्हणून पास केले. हिने काच पुसताना वेगळे काढून मला दाखवले. तुमचा डोळा गेलाय. हिचा आहे." त्या सुनेकडे वळल्या. "खुर्ची तुझी. फक्त बाहेरच्यांना आत बोलावते, आणि हा मासा मिरची होता की बाद ते तू त्यांना सांगायचंस. पारखी म्हणून तुझा पहिला शब्द."

माणसं आत आली. पाटावर मासा तसाच होता.

पारख्याने सुनेकडे पाहिलं. म्हण, पोरी, तो मनात म्हणाला, मिरची म्हण. लाव खुर्चीला लाथ. मला सगळ्यांसमोर खोटा पाड, चालेल मला. तीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला वाटलं, कुणीतरी आपली चूक काढावी.

सुनेने हात पदराला पुसले. वाकून शेपटीला बोट लावलं, कल्ला उचलून आत पाहिलं. सगळं सावकाश आणि अगदी रीतीप्रमाणे केलं.

"नारिंगी," ती म्हणाली. "दिव्याची लाली."

एकाने मासा उचलून बादलीत टाकला. सून खुर्चीपाशी गेली, तिच्यावरची सासऱ्याची उशी काढून बाजूला ठेवली आणि बसली. मग तिने त्याच्याकडे हात पुढे केला.

"बाबा, मोगरी द्या इकडे. आज पिल्लांच्या दोन टाक्या बघायच्यात."