पाठीवरचा शिक्का

एकोणीसशे सदुसष्ट सालची ती पानगळ. त्या वर्षी थंडी रेंगाळत आली आणि झाडांनीही काही घाई केली नाही, सवडीने पानं गाळली. अजूनही त्या घरात कुणी ‘ती पानगळ’ म्हटलं, की कुठली, असं विचारावं लागत नाही.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या आणि माणसं चार. सून टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. मुलगा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. आठवड्यात दोन दिवस घरी, त्यातला एक झोपेत. सासरे कापडगिरणीतले निवृत्त विणकर. मागांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे कानांनी ठार बहिरे. आणि पाच वर्षांची नात. तिला सगळे भिंगरी म्हणत, पण गेले दोन हिवाळे ती भिंगरी उशीला टेकून अंथरुणातच बसलेली होती. छाती भरली की तिच्या श्वासाची शिट्टी वाजायची, आणि घरातल्यांच्या तोंडचं पाणी पळायचं.

सूनबाईचं सगळं आयुष्य कानांवर चाललेलं. एक्स्चेंजमध्ये नुसत्या ‘हॅलो’वरून माणूस रडून आलाय की जेवून, हे तिला कळायचं. घरी दोन भिंतींपलीकडून भिंगरीचा खोकला तिला ऐकू यायचा, आणि तो यायच्या आधीच ती अंथरुणातून उठलेली असायची, असं तिचा नवरा म्हणायचा. ते खरं नव्हतं. ती खोकल्यानंतरच उठायची. पण हे तिला फार उशिरा कळलं.

“बरणीत घालून मुरवताय का पोरीला?” डॉक्टरांनी त्या वर्षी विचारलं. “हिवाळा लागायच्या आत रोज मोकळ्यावर न्या. चालू दे, पळू दे. दमली की थांबवा, बरी वाटली की पुन्हा सोडा. खिडकीत बसून छाती तयार होत नसते.”

सांगणं सोपं होतं. सूनबाईची पाळी दुपारची आणि नवरा रस्त्यावर. उरले सासरे.

“मी नेतो की,” ते म्हणाले. डॉक्टरांचं बोलणं त्यांनी ओठांवरून वाचलं होतं.

सूनबाईने तोंड फिरवलं, कपाट उघडल्यासारखं केलं आणि पुटपुटली, “पोरीचा खोकला तरी ऐकू येणार आहे का यांना?”

मागून शांतपणे उत्तर आलं, “सूनबाई, माझ्यामागे बोलायचं असेल तर काचेच्या कपाटासमोर उभी राहू नकोस. तोंड दिसतं.”

ती कानापर्यंत लाल झाली. सासरे हसले, पण त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, आणि ते ती कधी काढत नसत.

शेवटी ठरलं. न्यायचं, पण एकदा जरी खोकला आला तरी हिंडणं बंद. पुढचा वसंत येईपर्यंत बंद, आणि शाळासुद्धा पुढच्या वर्षी.

“कबूल,” सासरे म्हणाले. भिंगरीने आजोबांकडे पाहून दोन बोटं गालाला लावली, त्यांनी मान हलवली, आणि दोघं हसत सुटली.

ही गिरणीतली बोली. मागांच्या आवाजात तोंडाने बोलून उपयोग नसतो, म्हणून कामगार ओठ आणि बोटं वापरायचे. म्हाताऱ्याने ती नातीला अंथरुणात शिकवली होती, दम न लागता बोलता यावं म्हणून. घरात दोघं तासन्‌तास अशा गप्पा मारत, आणि दिवसभर साऱ्या गावाची बोलणी जोडून देणाऱ्या सूनबाईला त्यातलं अवाक्षर कळत नसे. तिला त्याचं वाईट वाटायचं. कुणाला सांगण्यासारखं ते वाईट वाटणं नव्हतं, एवढंच.

पहिले काही दिवस ती एक्स्चेंजमध्ये जीव टांगणीला लावून बसली. कानांवर हेडफोन, आणि लक्ष सासरे भिंगरीला न्यायचे त्या कालव्याकाठच्या वाटेवर. शेजारची ऑपरेटर म्हणाली, “अगं, आज तू पोलीस ठाण्याची लाइन बेकरीला जोडलीस. त्यांनी सहा पाव मागवून घेतले म्हणे.”

संध्याकाळी घरी आली, की ती आधी भिंगरीच्या पाठीला कान लावायची. काही ऐकू येत नसे. पोर मात्र बदलत चालली होती. बूट चिखलाने माखलेले, केसांत पानांचा चुरा, खिशात पंख फुटलेल्या बिया. ती खुर्चीवर उभी राहून एकेक बी सोडायची आणि बी गरगरत खाली यायची.

“ही मी आहे,” ती म्हणायची.

ताटातलं संपवायचीही. ते पाहून सूनबाईला बरं वाटण्याऐवजी भीतीच जास्त वाटायची. इतकं चांगलं चाललंय म्हणजे काहीतरी लपवताहेत. पोर खोकत असेल, आणि म्हातारा तर ऐकणारच नाही.

एके दुपारी तिने पाळी बदलून घेतली आणि घरी न सांगता त्यांच्या मागे गेली.

कालव्याच्या काठाने उंच झाडांची रांग होती, आणि तिच्या टोकाला खेळाचं मैदान. माळ्याने वाळक्या पानांचे ढीग करून ठेवले होते. ऊन तिरपं, मऊ. सूनबाई दिव्याच्या खांबामागे उभी राहिली. खांब तिच्या निम्म्या रुंदीचाही नव्हता, पण माणूस लपायला लागला की त्याला हे सुचत नाही.

तिने पाहिलं तर भिंगरीचा स्वेटर अंगात नाही, कमरेला बांधलेला. चेहरा लालबुंद. पोर एका ढिगातून धावत जायची, पानं उडवायची, लांबच्या झाडाला हात लावायची आणि धावत परत यायची. सूनबाई पुढे होणार, इतक्यात पोर आजोबांपाशी आली आणि कुणी न सांगता पाठ करून उभी राहिली. आजोबांनी तळवा पाठीवर ठेवला. डोळे मिटले. मग अंगठा वर केला, आणि भिंगरी पुन्हा सुटली.

तेच परत झालं. पळायचं, यायचं, पाठ करायची. पोस्टात शिक्का मारून घ्यावा तसं.

पुढच्या वेळी मात्र तळवा उचलला गेला नाही. म्हाताऱ्याने मान तिरपी केली, हात जरा खाली सरकवला आणि मूठ मिटून दाखवली. भिंगरीने बोटांनी केवढं तरी भांडण केलं. मग हिरमुसून बाकावर बसली.

सूनबाई धावली. “काय झालं, बाबा?”

“आलीस? मघापासून खांबाला टेकून होतीस. थंडी वाजली असेल.”

गुडघ्यांवर बसून तिने लेकीच्या पाठीला कान लावला. इकडे, तिकडे. श्वास जोराचा होता, पण साफ.

“आवाज काही नाही,” ती त्यांच्याकडे तोंड करून म्हणाली.

“आवाज मलाही नाही,” म्हातारा म्हणाला. “हात आण.”

त्यांनी तिचा तळवा धरून पोरीच्या पाठीवर ठेवला, खांद्याच्या हाडाखाली. तिच्या हाताला काहीच लागलं नाही.

“तू ऐकतेयस,” ते म्हणाले. “ऐकू नकोस. डोळे मीट.”

तिने मिटले. ऊब लागली. फासळ्यांची वर-खाली लागली. मग त्या सगळ्याखाली, श्वास सोडताना, अगदी बारीक थरथर. दूर कुठेतरी मांजर गुरगुरावं, इतकीच.

“लागलं?”

तिने मान हलवली.

“मागाचा धागा तुटला की दिसतो. पण तेव्हा कापड बिघडलेलं असतं. चांगला विणकर मागाच्या लाकडावर तळवा ठेवून असायचा. तुटायच्या आधी माग वेगळा थरथरतो. कान तर आमचे पहिल्या दोन वर्षांतच गेले. हातावरच तर पोट भरलं.” त्यांनी थर्मासमधून कोमट पाणी ओतून भिंगरीला दिलं. “घोट घोट घे, राणी. आता जरा बसायचं. ही थरथर गेली की चालत घरी. नाही गेली तर थेट डॉक्टर. गेल्या आठवड्यात नेलं होतं एकदा. काही नव्हतं, पण नेलं.”

“मला सांगितलं नाहीत.”

“तू बंद केलं असतंस.”

हे खरंच होतं. ती तिथेच पानांत बसून राहिली. तिला आठवलं, दोन हिवाळे ती जिवाचा कान करून जागली होती, आणि प्रत्येक वेळी तिला ऐकू आलं तेव्हा धागा तुटलेला होता. तिने हात काढला नाही. हळूहळू तळव्याखालची थरथर पातळ झाली, मग नाहीशी झाली. भिंगरीने मागे वळून आजोबांना बोटांनी काहीतरी सांगितलं.

“काय म्हणतेय ही?” सूनबाईने विचारलं.

“म्हणतेय, आईला शिक्का मारता आला.”

“मग मलाही शिकवा ना ती बोली.”

“चुकार कामगारांना शिकवत नाही आम्ही,” म्हातारा म्हणाला. “पाळी सोडून आलीस ना?”

त्या दिवशी खोकला आला नाही. पुढे हिवाळ्यात आला, दोनदा, पण अंथरूण धरावं लागलं नाही. शाळा त्याच वर्षी सुरू झाली.

डॉक्टर काही वर्षांनी आपल्या मुलाकडे राहायला गेले आणि सगळं श्रेय बरोबर घेऊन गेले. कुणी हरकत घेतली नाही. ट्रक चालवणाऱ्या बापाची पाठ धरली, तेव्हा त्याने गाडी विकून सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं; दुपारची झोप तो तिथे घ्यायचा. एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं, आणि सूनबाईला बिलांच्या खिडकीत बसवलं.

आजोबा आणखी सहा पानगळी हिंडले. शेवटच्या आजारात सूनबाई त्यांना उठवून बसवताना पाठीला हात लावी. तिथली थरथर बारीक नव्हती. सुताच्या धुळीने भरलेली छाती ती, कितीतरी वर्षं तशीच असणार. आपल्याच छातीवर तळवा ठेवून म्हातारा काय काय शिकला होता, ते तिला तेव्हा कळलं. एव्हाना ती बोली तिलाही येत होती. तिने बोटांनी विचारलं, आधी का नाही सांगितलंत? त्यांनी बोटांनीच उत्तर दिलं, तू हिंडणं बंद केलं असतंस.

भिंगरी आता डोंगरातल्या वाटांची मोजणी करते आणि चढावर पुरुषांना मागे टाकते. तिचा मुलगा पाच वर्षांचा आहे, छातीने धडधाकट. सूनबाईला मात्र हल्ली काही ऐकू येत नाही. पानं गळायला लागली की ती नातवाला त्याच झाडांच्या रांगेत घेऊन जाते. तो पळून येतो आणि तिच्यासमोर पाठ करून उभा राहतो. ती डोळे मिटते, मुळीच गरज नसताना बराच वेळ तळवा तिथे ठेवते, आणि मग अंगठा वर करते.