खुर्चीची प्रतिभा

सकाळी आठपासून आमच्या फोटोग्राफी वर्गाच्या स्टुडिओबाहेर रांग लागली होती. एरवी पहिल्या तासाला चार टाळकी जमवताना माझा घसा बसतो. आज मात्र फोटोतून प्रतिभा ओळखणारे गुरुजी आले होते, आणि त्यांना बोलावलं होतं खुद्द प्राचार्यांनी.

पडदे ओढून अंधार केलेला, मधोमध मखमली गादीची जुनी खुर्ची. गुरुजी गादीवर दोनदा थोपटत, "बस बाळ, विश्व तुझी वाट बघतंय," म्हणत आणि खिशातल्या छोट्या कॅमेऱ्याने फ्लॅश मारत. फोटोत डोक्याभोवती पांढुरकी वर्तुळं तरंगत. गुरुजी ती मोजून जाहीर करत, ही सृजनाची वलयं, अकरा आहेत, भाग्यवान आहेस. वर्षभर लेन्सचं झाकणही न काढलेले भाग्यवान निघाले. मी मागे उभा राहून जांभया देत होतो. वीस वर्षं शिकवतोय. दर दोन-तीन वर्षांनी असा कुणीतरी उगवतोच.

आमच्याकडे एक मुलगी होती, तिला सगळे फडकंवाली म्हणत. लेन्स असो की टेबल, पुसल्याशिवाय हात लावायची नाही. सवयीने तिने ती गादीही ओल्या फडक्याने खसाखसा पुसली आणि मग बसली. फोटोत एकही वर्तुळ नाही.

"पोरी, तुझ्यात उजेडच नाही," गुरुजी म्हणाले. "दुसरं काहीतरी शीक."

वर्ग हसला. रोज एक फोटो काढायचा हा माझा नियम वर्षभर पाळणारी ती एकटीच होती. त्या दिवसापासून तिचे फोटो बंद झाले. पाचव्या दिवशी तिने नाव काढून घेण्याचा अर्ज माझ्यापुढे ठेवला.

"सर, कॅमेरा खोटं बोलत नाही, असं तुम्हीच म्हणता ना?"

म्हणतो खरं. मला स्वतःचाच राग आला. मागे उभं राहून जांभया देण्यापेक्षा मी त्या दिवशीच तोंड उघडायला हवं होतं. बसण्याआधी तू काय केलंस, असं मी विचारलं. ती म्हणाली, "काही नाही. खुर्ची पुसली."

त्याच दुपारी गुरुजींचं शिबिर होतं, प्राचार्यही आले होते. फडकंवालीला मी सोबत नेलं. मी सगळ्यांसमोर त्यांचाच कॅमेरा मागून घेतला, रिकाम्या खुर्चीची गादी थोपटली आणि फ्लॅश मारला. एकोणीस वर्तुळं. अख्ख्या वर्गापेक्षा खुर्चीच प्रतिभावान निघाली. गुरुजी डगमगले नाहीत. म्हणाले, खुर्चीत माझी ऊर्जा उतरली आहे.

फडकंवालीने फडकं भिजवून गादी पुसली.

"मग आता तुम्ही बसा, गुरुजी."

प्राचार्य बघत होते, बसावंच लागलं. मी गादीची कड थोपटून पुन्हा फ्लॅश मारला. एकही वर्तुळ नाही. गुरुजींना एकाएकी तातडीचं काम आठवलं.

मग मी फळ्यावर काढून दाखवलं. छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश लेन्सला अगदी खेटून असतो. थोपटलं की धूळ उडते, लेन्ससमोरचे कण फ्लॅशने उजळतात, आणि फार जवळ असल्याने फोकसमध्ये न येता पसरून गोल दिसतात. कॅमेरा खोटं बोलला नव्हता. त्याने धूळच दाखवली होती. तिला प्रतिभा म्हणाला तो माणूस.

तरी निम्म्या वर्गाने आपला वलयवाला फोटो मोबाइलच्या पडद्यावरून हटवलेला नाही. सांगून सांगून जीभ झिजली, आता दमलो. फडकंवालीने मात्र अर्ज परत नेला. दुसऱ्या दिवशी तिने काळपट डाग पडलेल्या ओल्या फडक्याचा फोटो आणून दिला आणि म्हणाली, "सर, आधीचे पाच दिवस राहिलेत, ते भरून काढते."

तुमच्यात काय आहे हे कुणी एका झटक्यात सांगायला लागला, तर कृपा करून एवढंच करा. बसण्याआधी खुर्ची पुसून घ्या.