कारणाच्या रकान्यात नवरा

पिपाणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. जन्मल्याबरोबर तिने जो सूर लावला तो ऐकून मावशीने ते ठेवलं, आणि पुढे मुलगी परदेशात जाऊन ध्वनिशास्त्रात मास्टर्स झाली तरी घरात ती पिपाणीच राहिली.

पदवी मिळाली, टोपी उडवून फोटो काढून झाले, आणि मग तिच्या लक्षात आलं की पासपोर्टातला व्हिसा विद्यार्थ्याचा आहे आणि आपण काही आता विद्यार्थी नाही. म्हणजे एक तर नोकरीचा व्हिसा मिळवायचा, नाही तर घरी जाऊन मावशीने काढून ठेवलेली स्थळं बघायची. पिपाणीने अर्जांचा सपाटा लावला. मोठ्या कंपन्यांना केले, मधल्या कंपन्यांना केले, शेवटी शेवटी तर ही कंपनी आहे की कुणाचं गॅरेज, हेही न बघता केले. सगळ्यांनी तिचं तोंडभरून कौतुक केलं, आणि व्हिसाचं नाव काढल्याबरोबर सगळ्यांना दुसरी कामं आठवली.

एकच माणूस जागेवरून हलला नाही. त्याचा शिट्ट्यांचा कारखाना होता.

खेळाच्या पंचांच्या शिट्ट्या, पोलिसांच्या शिट्ट्या, बोटीवरच्या शिट्ट्या, कुत्र्याला हाक मारायच्या शिट्ट्या. या शेवटच्या शिट्ट्यांचा आवाज माणसाला ऐकू येत नाही, पण मालकांना तसा कुठल्याच शिट्टीचा फारसा येत नसे. जन्म त्या किंचाळ्यांत गेल्यामुळे त्यांचे दोन्ही कान केव्हाच निवृत्त झाले होते. शिकत असल्यापासून पिपाणी त्यांच्याकडे अर्धवेळ कामाला होती. वरच्या मजल्यावर भिंतींना स्पंज लावलेली एक खोली होती. तिथे बसून दर खोक्यातल्या चार शिट्ट्या फुंकायच्या, यंत्रावर सूर मोजायचा, बेसूर निघाली की खोकं परत खाली धाडायचं. आता मालक तिला कायम करायला तयार होते.

तिने ही बातमी घरी सांगितली.

"अगं, पण काम काय नक्की?" आईने विचारलं.

"ध्वनिपरीक्षण."

"म्हणजे?"

"म्हणजे... शिट्ट्या वाजवायच्या."

पलीकडे आईने फोन खाली ठेवल्याचा आवाज आला आणि तो मावशीने उचलल्याचाही आला. "एवढं शिकून शिट्ट्या?" मावशी म्हणाली. "इथे आमच्या कोपऱ्यावरची पोरं दिवसभर फुकट वाजवतात! बरं, ते जाऊ दे. नोकरी पक्की ना?"

पक्की होती, पण घोडं एका नियमावर अडलं होतं. परदेशी माणसाला नोकरीचा व्हिसा द्यायचा तर आधी त्या जागेची जाहिरात द्यायची, आणि लायक असा स्थानिक उमेदवार आला तर जागा आधी त्याला द्यायची. कुणीच आलं नाही तर मग पिपाणीला. मालकांनी जाहिरात दिली. "ध्वनिशास्त्राची पदवी हवी, शिट्टी फुंकता यायला हवी." असा माणूस त्या गावात तर सोडाच, पंचक्रोशीतही सापडणार नाही, अशी दोघांची खात्री होती. पिपाणीने तर नवी खुर्चीही बघून ठेवली.

मुदतीच्या अगदी शेवटच्या दिवशी एक अर्ज आला. अर्ज करणारी बाई ध्वनिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका होती. तिने लिहिलेली पाठ्यपुस्तकं होती, आणि त्यातलं एक वाचूनच पिपाणी परीक्षा पास झाली होती.

"मुलाखत घ्यावीच लागणार," मालक म्हणाले. "आणि ती तू घे."

"मी? सर, माझ्याच जागेची मुलाखत मी घेऊ?"

"नियमात लिहिलंय, मुलाखत विषय समजणाऱ्याने घ्यावी. मला विषय समजत नाही आणि उत्तरं ऐकू येत नाहीत. मी शेजारी बसतो, मान हलवतो."

संध्याकाळी मावशीचा फोन आला. आईने देव पाण्यात ठेवले होते. मावशीचा भर मात्र युक्तीवर होता. "हे बघ, त्या बाईला सांग, ऑफिसात भूत आहे."

"मावशी!"

"खोटं कशाला? तुमचे मालक दिवसभर बोलवूनही ओ देत नाहीत, तू स्पंजाच्या खोलीत एकटी शिट्ट्या वाजवत बसतेस. ही भुताचीच लक्षणं आहेत."

मुलाखतीच्या दिवशी बाई वेळेआधी आल्या. उंच, ताठ, आखूड कापलेले करडे केस, आणि चेहऱ्यावर सहलीला निघालेल्या मुलीसारखा आनंद. पिपाणीने स्पंजाच्या खोलीत टेबल म्हणून मांडलेल्या खोक्यावरचं कापड नीट केलं, पाणी दिलं, पाणी स्वतःच पिऊन टाकलं, मग पुन्हा आणून दिलं. प्रश्न तिने प्रामाणिकपणे अवघडच काढले होते. बाईंनी पहिल्याचं उत्तर दिलं, दुसऱ्याचं उत्तर दिलं आणि तिसऱ्या प्रश्नात पिपाणीची चूक दुरुस्त करून मग त्याचंही दिलं. मालक जोरजोरात मान हलवत होते.

आता मात्र पिपाणीचा धीर सुटला. "एक सांगायला हवं," ती खाली बघत पुटपुटली, "इथे... लोक म्हणतात... भूत आहे."

"खरंच?" बाई पुढे सरसावल्या. "काही बोलतं का?"

"नाही. अजिबात नाही."

"मग फारच छान! मला न बोलणारीच सोबत हवी आहे."

शेवटी पिपाणीने एक शिट्टी पुढे केली. बाईंनी ती अशी फुंकली की भिंतीवरचा स्पंज थरथरला, आणि मालकांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा मान वळवून विचारलं, "कुणी बोलावलं का मला?"

संपलं सगळं. पिपाणी मनातल्या मनात बॅगा भरू लागली. पण राहवेना म्हणून तिने विचारलं, "मॅडम, तुम्हाला या वयात ही नोकरी कशासाठी हवी आहे?"

बाईंनी सुस्कारा सोडला. "माझा नवरा निवृत्त झाला. तो तोंडाने शिट्टी वाजवतो. सकाळी दाढी करताना, दुपारी झाडांना पाणी घालताना, रात्री भांडी पुसताना. एकच गाणं, आणि तेही अर्धंच! पुढचं त्याला येत नाही. मुली, अर्ध्या गाण्याने माणूस कसा वेडा होतो, ते कुठल्या पुस्तकात नाही. मला घराबाहेर पडायचंय. इथे निदान शिट्टी मी वाजवीन आणि पुरी वाजवीन."

पिपाणीला त्या बाईचं एकदम वाईट वाटलं, आणि स्वतःचंही वाटत होतंच, त्यामुळे दोन्ही मिळून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने अभिप्राय लिहिला, "उमेदवार अतिशय लायक." मालकांनी तो वाचला, तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्यापुढे बिस्किटाचा पुडा सरकवला.

तेवढ्यात जिन्यावरून शिट्टी ऐकू आली. अर्धं गाणं.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. दारात एक गोल, गुलाबी आजोबा उभे राहिले. बाईंना घरी न्यायला आले होते. त्यांनी खोली पाहिली. खोकी पाहिली. खोक्यांतल्या शिट्ट्या पाहिल्या, आणि खेळण्यांच्या दुकानात शिरलेल्या मुलासारखे त्यांचे डोळे मोठे झाले.

"हे सगळं वाजवायचं असतं?" त्यांनी विचारलं.

"हो," पिपाणी म्हणाली.

"दिवसभर?"

"हो."

"आणि कामावरच्या माणसाबरोबर घरचं कुणी येऊन बसलं तर चालतं?"

पिपाणीने मालकांकडे पाहिलं. मालकांना काहीच ऐकू आलं नव्हतं, त्यामुळे त्यांनी नेहमीसारखी जोरात मान हलवली.

"मी रोज येईन!" आजोबा बायकोचा हात धरून म्हणाले. "तुला इथे एकटं एकटं वाटायला नको, माझे राणी!" आणि त्यांनी एक बोटीवरची शिट्टी उचलून त्यावर ते अर्धं गाणं वाजवून दाखवलं.

बाई उठल्या. त्यांनी पिपाणीच्या हातातलं पेन घेतलं आणि त्याच कागदावर उमेदवाराच्या जागी ठसठशीत लिहिलं, "नोकरी नाकारत आहे." कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला, "नवरा." मग आजोबांच्या हातातली शिट्टी काढून खोक्यात टाकली, त्यांचा दंड पकडला आणि म्हणाल्या, "चला. वाटेत तुम्हाला उरलेलं गाणं शिकवते. नाही तर माझं काही खरं नाही."

कागद व्हिसाच्या कार्यालयात गेले. पिपाणी आणि तिची आई दोघी वेगवेगळ्या देशांत, पण सारख्याच नखं कुरतडत बसल्या. मग तिथल्या एका अधिकाऱ्याचा फोन आला. आवाज कोरडा होता.

"नाकारण्याचं कारण म्हणून 'नवरा' लिहिलं आहे. आमच्या यादीत अंतर आहे, पगार आहे, तब्येत आहे. नवरा नाही. हे कशात धरायचं?"

पिपाणीने सगळं सांगितलं. दाढी, झाडं, भांडी, अर्धं गाणं, आजोबांचे मोठे झालेले डोळे.

"ते रोज येणार होते?" अधिकाऱ्याने हळूच विचारलं.

"रोज."

"हं." मग आणखी हळू आवाजात, "माझी बायको घोरते आणि सकाळी म्हणते, तूच घोरत होतास." लगेच घसा खाकरला गेला. "तब्येतीत धरतो."

नोकरीचा व्हिसा आला त्या दिवशी सकाळी पोस्टमन कारखान्यात पाकीट देऊन गेला. पिपाणीने ते जिन्यातच फोडलं. आतल्या कार्डावरच्या फोटोत ती नुकतीच गाढ झोपेतून उठवलेल्या माणसासारखी दिसत होती, पण तारखा बरोबर होत्या, नाव बरोबर होतं आणि खाली स्पष्ट लिहिलं होतं, काम करण्यास परवानगी. वर खोलीत जाऊन तिने आईला फोन लावला. आई रडली, मावशी रडली, मग मावशी म्हणाली, "आता एकदा वाजवून दाखव बघू, आम्ही कधी ऐकलंच नाही."

पिपाणीने खोक्यातली सगळ्यात मोठी शिट्टी काढली, खिडकी उघडली, छाती भरून श्वास घेतला आणि फुंकली.

शेजारच्या टायरच्या गोदामाची सगळी दारं धडाधड उघडली. माणसं हातातली कामं टाकून पळत अंगणात आली, रांगेत उभी राहिली आणि हजेरी सुरू झाली. आग लागल्याचा इशारा समजून ती बाहेर पडली होती.

पिपाणी धावत खाली गेली. धापा टाकत तिने खुलासा केला, माफी मागितली, कार्ड दाखवलं. गोदामाच्या मुकादमाने ते चष्मा वर करून नीट वाचलं आणि तो रांगेकडे वळून ओरडला, "आग नाही! हिला व्हिसा मिळाला!"

रांगेने टाळ्या वाजवल्या. मग तो पिपाणीला म्हणाला, "अभिनंदन हं. पण बाहेर आलोच आहोत, तर आता चहा घेऊनच आत जाऊ. तुम्हीही चला. आणि तुमच्या मालकांना पण बोलवा."

"बोलवते," पिपाणी म्हणाली आणि मालकांना हाताला धरून आणायला वर गेली.